दोन पदार्थ जिथे भेटतात

जुनं शिल्प पाहायला गेले की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही. मागच्या बाजूला जाते, खाली वाकते आणि जोड शोधते. दगडात बसवलेला लोखंडी खिळा, लाकडावर ठोकलेला पत्रा, सिमेंटमधून डोकावणारी सळई. एकाच पदार्थाचं काम झिजतं, काळवंडतं, पण सहसा सावकाश. दोन पदार्थांचं काम मात्र त्या दोघांच्या मधल्या रेषेवर उकलतं. शिल्पकार म्हणून माझ्या आयुष्याची जास्तीत जास्त वर्षं या रेषेवर गेली आहेत, आणि लोक ज्याला ‘मिक्स मीडिया’ म्हणतात त्याबद्दल मला सांगण्यासारखं जे आहे ते याच रेषेचं आहे.

मी सिंधुदुर्गातली. आमच्या वाडीत गणपतीची शाळा होती आणि ती माझ्या काकांची होती. आषाढात घराघरातले पाट तिथे येऊन पडायचे. प्रत्येक घराचा पाट ठरलेला, त्यावरच त्यांची मूर्ती घडायची. शाडू भिजवणं आणि कापूस पिंजून त्यात कालवणं ही आम्हा मुलांची कामं. कापसामुळे माती धरून राहते, बोटं आणि कान पातळ काढता येतात. वरच्या हाताच्या आत बांबूची काडी असे. काका ती काडी कधीच उघडी वापरत नसत. तिच्यावर ओल्या सुती धाग्याचे वेढे देत आणि मग माती चढवत. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही. मध्ये दबायला काहीतरी मऊ असलं की माती तडकत नाही. काकांनी हे कारण कधी समजावून सांगितलं नाही. मी धागा गुंडाळायचा कंटाळा केला की एवढंच म्हणत, “गो बाय, असोच लावलंस तर हात पडतलो.” कारण मला पुढे बऱ्याच वर्षांनी, पुस्तकातून कळलं. रीत मात्र बोटांत तेव्हाच बसली होती.

मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकलेला प्रवेश मिळाला तेव्हा घरात कुणालाच नीट कळलं नव्हतं की मी तिथे शिकणार काय. १८५७ साली सुरू झालेली ती शाळा. गणपतराव म्हात्र्यांनी विद्यार्थिदशेत १८९६च्या सुमारास घडवलेल्या ‘मंदिरपथगामिनी’बद्दल आम्ही पहिल्या वर्षापासून ऐकत होतो. ते शिल्प प्लास्टरचं. प्लास्टरला आपल्याकडे उगाच हलकं समजतात, कारण ते मधल्या टप्प्याचं द्रव्य आहे: मातीनंतरचं आणि धातूच्या आधीचं. मला त्याचा पहिल्यापासून आदर वाटतो. जिप्सम भाजून केलेली ती पांढरी भुकटी पाण्यात सोडली की काही मिनिटांत गरम होऊन घट्ट होते, आणि घट्ट होताना किंचित फुगते. त्या किंचित फुगण्यामुळेच ती मातीवरच्या बोटाच्या ठशात, केसाच्या रेषेत शिरते. पदार्थ आपल्या स्वभावाने मदत करतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण विद्यार्थ्याला दुसरं मिळत नाही.

त्या काळातलं मला सर्वांत आवडलेलं काम म्हणजे वेस्ट मोल्ड फोडणं. मातीच्या मूळ कामावर प्लास्टरचा साचा घेताना पहिला पातळ थर रंग मिसळून देतात, निळा किंवा पिवळा. त्यावर जाड पांढरा थर. मग आतली माती काढून टाकायची, पोकळीत आतून साबणाचं पाणी लावायचं, नवीन प्लास्टर ओतायचं आणि ते घट्ट झालं की बाहेरचा साचा बोथट छिन्नीने फोडत जायचं. पांढरं उडत असतं तोपर्यंत हात मोकळा चालतो. रंग दिसला की श्वास बदलतो, कारण त्याच्या खाली आपलं काम आहे. माती गेलेली असते, साचा फुटत असतो आणि शिल्प फक्त त्या एका थराआड उरलेलं असतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी आजही हे करायला लावते. सिलिकॉन रबराचे साचे सोपे आहेत, पुन्हा पुन्हा वापरता येतात, मीही वापरते. पण हातोडीचा जोर कुठे थांबवायचा हे रबर शिकवत नाही.

पदविकेनंतर मी एका ओतकामाच्या भट्टीवर काम धरलं. बाई म्हणून तिथे सुरुवातीला मेणाच्या टेबलाशीच बसवलं गेलं, आणि त्याचा मला फायदाच झाला. मेणात राळ किती, उन्हाळ्यात किती आणि थंडीत किती, हे तिथल्या मिस्त्रींना चिमटीत कळायचं. मेणाच्या प्रतीला रस ओतायच्या आणि हवा जायच्या नळ्या जोडायच्या, त्याभोवती प्लास्टर आणि विटांची सुरखी यांचं कवच चढवायचं, ते भाजून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत मुशीतला धातू सोडायचा. शास्त्रशुद्ध ब्रॉन्झ म्हणजे तांब्यात साधारण दहावा भाग कथील. आपल्याकडच्या पुतळ्यांसाठी पुष्कळदा गनमेटल वापरतात. त्यात तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के. हजार अंशांच्या वर तापलेला तो रस थंड होताना दीड-दोन टक्के आकसतो. म्हणजे माणसाच्या उंचीच्या पुतळ्यात दोन-तीन सेंटिमीटरचा फरक. जो शिल्पकार मातीत काम करताना हे धरून चालत नाही, त्याच्या पुतळ्याला नंतर वेगळ्या मापाची पगडी बसवायची वेळ येते. आम्ही असे पुतळे दुरुस्त केले आहेत.

पुढची वर्षं पुतळ्यांची. त्याबद्दल लिहायला फार नाही. पोटापाण्याचं काम होतं आणि मी ते मनापासून केलं. समितीची माणसं स्टुडिओत येतात, मातीचा चेहरा बघतात, फोटो काढतात, ज्या घरातली ती व्यक्ती होती तिथली एखादी म्हातारी बाई मात्र काही न बोलता गालाकडे बोट दाखवते, आणि तिचंच बरोबर असतं. सार्वजनिक पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते, त्यात वेळ जातो, तेवढे दिवस ओली फडकी आणि प्लास्टिक गुंडाळून माती जिवंत ठेवायची. मग पैशाचा प्रश्न निघतो आणि ब्रॉन्झऐवजी फायबर ठरतं. “पण दिसायला ब्रॉन्झसारखंच पाहिजे, ताई,” हे वाक्य प्रत्येक शिल्पकाराने ऐकलेलं आहे.

फायबरग्लासबद्दल माझं मत कडक आहे. पदार्थ उत्तम आहे. काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन एकत्र आले की हलकं आणि चिवट कवच तयार होतं. पुलासारखे लांब, अधांतरी आकार त्यात निघतात, जे दगडात निघणार नाहीत. पण त्याला दुसऱ्या कुणाचं तरी सोंग देऊन उभं करणं मला मान्य नाही. धातूची भुकटी चढवलेलं फायबर दोन-चार पावसाळ्यांनी फिकट पडतं, उन्हाने त्याच्यावर खडूसारखी पूड धरते, आणि तेव्हा ते ब्रॉन्झही नसतं आणि फायबरही नसतं. दुसरी गोष्ट आरोग्याची. रेझिनमध्ये कोबाल्ट आणि हार्डनर असे दोन द्रव थेंबांनी मोजून घालावे लागतात. ते रेझिनमध्ये एकामागून एक, नीट ढवळून घालायचे. दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. हे ज्यांना कुणी सांगितलेलं नाही अशी पोरं छोट्या छोट्या शेडमध्ये उघड्या हातांनी, मास्क न लावता हे काम करताना मी पाहिली आहेत. नवी मुलगी माझ्याकडे कामाला आली की पहिला दिवस दोन बाटल्यांचाच असतो. त्या एका कपाटात ठेवायच्यासुद्धा नाहीत.

मिश्र माध्यमाकडे मी वळले ती सासवण्यामुळे. अलिबागजवळच्या सासवणे गावी विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आहे, आता ते शिल्पालय म्हणून बघता येतं. १८९१ साली ते याच गावात जन्मले. पुण्यातला १९२८चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मला गाठलं ते त्यांच्या सिमेंटच्या कामांनी. म्हैस, कोळीण, गावातली साधी माणसं, सिमेंटमध्ये! संगमरवर आणि धातूचा मान तेव्हा किती होता ते लक्षात घेतलं तर ही निवड धाडसाची आहे. तिकडे शांतिनिकेतनात १९३८ साली रामकिंकर बैज यांनी ‘संथाळ कुटुंब’ केलं, तेही सिमेंटमध्ये तांबड्या मुरमाचे खडे मिसळून. त्यांनी त्या खड्यांना लपवलं नाही. शिल्पाची कातडीच मुरमाची झाली आणि ती माणसं ज्या जमिनीवर चालत होती त्याच जमिनीची दिसू लागली. पदार्थ मिसळण्यामागे एवढं कारण असावं लागतं. नुसतं वेगळं दिसावं म्हणून केलेल्या मिश्रणात मला रस नाही.

हे सगळं नवं आहे, पाश्चात्त्यांकडून आलं आहे, असं समजणाऱ्यांना मी तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामींची मूर्ती आठवायला सांगते. ती कटुशर्करा पद्धतीची आहे. या पद्धतीत आत लाकडाचा सांगाडा, त्यावर काथ्याचे वेढे, आणि वरून माती, डिंक, राळ, औषधी द्रव्यं यांचे थरावर थर चढवतात. आणि या मूर्तीवर अभिषेक करत नाहीत; अभिषेकाची मूर्ती वेगळी असते. घडवणाऱ्यांनी पदार्थाची मर्यादा ओळखली आणि पूजेची रीतही तिला धरून बसवली. देखभालीचा इतका सुंदर विचार मी आजच्या एकाही कंत्राटाच्या कागदात वाचलेला नाही. काका काडीवर धागा का गुंडाळत, हेही मला त्या काथ्याच्या वेढ्यांबद्दल वाचतानाच उलगडलं.

युरोपात देगाने १८८१ साली मेणाची छोटी नर्तकी प्रदर्शनात मांडली तेव्हा तिला खरा कापडी झगा, खरी रिबीन आणि केसांचा टोप होता. लोक बिथरले. पुढे क्ष-किरणांनी तिच्या आत बघितलं तेव्हा तारा, दोर, लाकूड आणि रंगाच्या ब्रशचे दांडेसुद्धा सापडले. हाताशी जे होतं ते त्यानं आधाराला घातलं. शिल्पकाराच्या स्टुडिओत हे असंच चालतं. आपल्याकडे मृणालिनी मुखर्जींनी (जन्म मुंबईचा, १९४९) सणाचे रंगवलेले दोर गाठी मारत मारत माणसापेक्षा उंच देवता उभ्या केल्या. गाठ हाच त्यांचा जोड होता आणि गाठ हाच पृष्ठभाग. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला मेट ब्रॉयरमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्या मात्र २०१५ मध्येच गेल्या होत्या.

माझी स्वतःची कामं लाकूड, तांबं आणि सिमेंटची आहेत. लाकूड मोडीत निघालेल्या होड्यांचं. मालवण-वेंगुर्ल्याकडे किनाऱ्यावर पडलेल्या होड्यांच्या फळ्या मी विकत आणते. त्यांच्यावर रंगाचे थर असतात, खिळ्यांच्या भोवती काळी वर्तुळं असतात, खाऱ्या पाण्यानं मऊ भाग खाऊन नस तेवढी वर आणलेली असते. ती मी रंधत नाही. एवढं समुद्राने केल्यावर माझ्या रंध्याने काय भर पडणार?

त्या फळ्यांना तांब्याचा पत्रा जोडायचा, तर काय होतं ते बघा. लाकूड नसेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण नसेच्या आडवं पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आवळतं. तांब्याला दमटपणाचं काही नाही, त्याला ऊन कळतं. धातूंचंही एकमेकांशी पटेलच असं नाही. मीटरभर लांबीची पट्टी चाळीस अंशांनी तापली तर पोलाद जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतं, अॅल्युमिनियम मात्र जवळपास दुप्पट. सिमेंट काँक्रीट आणि पोलाद यांचं वाढणं जवळजवळ सारखं आहे, म्हणून तर आरसीसी टिकतं. बाकी जोड्यांमध्ये आपल्याला मध्यस्थी करावी लागते. फळीतलं भोक गोल न पाडता नसेला आडवं, लांबट पाडायचं, म्हणजे बोल्टला सरकायला जागा राहते. हे मी कुठल्या कला महाविद्यालयात शिकले नाही. आमच्याकडचा सुतार दाराच्या चौकटीत फळी बसवताना तिला खिळा मारत नाही, खाचेत सुटी सरकवतो. पावसात दार फुगलं तरी फळी फुटत नाही. त्याच्याकडून घेतलं.

तांब्याला लोखंड लागू द्यायचं नाही. ओल आली की दोघांत वीज खेळते आणि लोखंड खाल्लं जातं. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६चा. बाहेर जेमतेम अडीच मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा आणि आत लोखंडी सांगाडा. मध्ये घातलेलं वेष्टण कालांतराने निकामी झालं, लोखंड गंजून फुगलं आणि १९८४ ते १९८६ या काळात आतल्या पट्ट्या काढून त्या जागी स्टेनलेस स्टील आणि टेफ्लॉनचं अस्तर घालावं लागलं. मी नायलॉनचे वायसर वापरते, बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेसचे. हार्डवेअरच्या दुकानात ‘स्टेनलेस’ म्हणून जो हातात पडतो तो बहुधा ३०४ असतो आणि खाऱ्या हवेत त्याच्यावर तपकिरी ठिपके येतात. दुकानदाराला नंबर विचारायचा, बिलावर लिहून घ्यायचा.

अलीकडे मी काही जोड शिवते. काथ्याने. होड्या शिवण्याची विद्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फार जुनी आहे आणि ती संपली असं वाटत असतानाच गोव्यात शिवणीचं जहाज बांधलं गेलं; २०२५ मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झालं. फळ्यांना भोकं पाडून काथ्याच्या दोरीने शिवायचं, खाली नारळाचा काथ्या दाबायचा आणि राळ भरायची. लाटेचा मार बसला की शिवण लवते, खिळ्यासारखी फळी फाडत नाही. शिल्पाला लाटांचा मार नसला तरी ऋतूंचा असतोच. शिवलेला जोड उघडून पुन्हा शिवता येतो, आणि ही सोय मला इपॉक्सीच्या कुठल्याही डब्याने दिलेली नाही. इपॉक्सी मी टाळत नाही. सिमेंटमध्ये अँकर बसवताना तिच्याशिवाय भागत नाही. पण हलणाऱ्या पदार्थाला न हलणाऱ्या गोंदाने बांधलं की दोघांपैकी अशक्त असेल तो फुटतो.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला तेव्हा मी घरीच होते. आदल्या वर्षी ४ डिसेंबरला, नौदल दिनी, त्याचं अनावरण झालं होतं. छत्रपतींची मूर्ती अशी पडलेली बघणं आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला काय वाटलं, ते मी लिहून सांगू शकणार नाही. दोष कुणाचा ते ठरवणाऱ्या यंत्रणा आहेत, मी ते ठरवायला बसलेली नाही. पण गंजलेल्या नटबोल्टांची चर्चा जेव्हा गावोगाव झाली तेव्हा एक गोष्ट लोकांच्या पहिल्यांदा ध्यानात आली, की पुतळ्याला आत असतं. चेहरा, घोडा, तलवार यांच्यावर आपण वर्षानुवर्षं वाद घालतो. आतल्या सांगाड्याचं वेल्डिंग कुणी बघितलं, कुठल्या धातूचं होतं, समुद्र किती अंतरावर आहे, वारा किती, हे विचारत नाही. आजचे सगळे भव्य पुतळे मिश्र माध्यमाचेच आहेत. केवडियाचा १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा बाहेरून ब्रॉन्झचा आणि आतून काँक्रीट-पोलादाचा आहे. म्हणजे जोडांचा प्रश्न आता माझ्यासारख्या होडीच्या फळ्या शिवणारीचा राहिलेला नाही.

माझ्या प्रत्येक कामाच्या मागे आता एक स्टीलची छोटी पट्टी असते. तिच्यावर आत काय आहे ते कोरलेलं असतं: लाकूड कुठलं, धातू कुठला, बोल्ट कुठल्या जातीचे, काय कशाला चिकटवलंय आणि काय शिवलंय. घरमालकाला एक कागद देते, त्यावर दर पावसाळ्याआधी काय तपासायचं ते लिहिलेलं असतं. सुरुवातीला लोकांना हे विचित्र वाटायचं, कलाकृतीबरोबर असा कागद कोण देतं. आता तेच फोन करतात, “मॅडम, शिवण थोडी सैल वाटतेय, येता का?” मी जाते. दुरुस्ती हा माझ्या धंद्याचा कमी प्रतीचा भाग आहे असं मला कधीच वाटलं नाही.

म्हणून नगरपालिका, ट्रस्ट, शाळा, ज्या कुणी शिल्प करवून घेतात त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अंदाजपत्रकात अनावरणाच्या मांडवाएवढी तरी रक्कम दरवर्षीच्या देखभालीसाठी धरा. शिल्पकाराकडून आतल्या सांगाड्याचा नकाशा आणि पदार्थांची यादी मागून घ्या, ती कार्यालयात जपून ठेवा. आणि कोवळ्या वयात या कामात उतरणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्या शिल्पाच्या आत तुम्ही काय घातलं आहे ते लिहून ठेवा. उद्या ते उघडणारा माणूस तुम्हाला ओळखत नसेल.